पक्षाचा नेता कोणी निवडायचा?

17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. त्यानंतर महाराष्ट्रात चर्चा झाली ती गद्दारीची आणि निष्ठेची. आयोगाच्या आदेशातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग त्या गदारोळात मागे पडला. पक्षात फूट पडली की खरा पक्ष कोणता हे ठरवण्यासाठी सादिक अली खटल्यापासून, म्हणजे 1971 पासून, तीन कसोट्या लावल्या जातात: पक्षाच्या ध्येयधोरणाशी कोण टिकून आहे, पक्षघटनेप्रमाणे कोण वागले आणि बहुमत कोणाकडे आहे. शिवसेनेच्या बाबतीत आयोगाने पक्षघटनेची कसोटी बाजूला ठेवली. 2018 मध्ये बदललेली ती घटनाच लोकशाहीला धरून नाही, असे आयोगाचे मत पडले. पक्षप्रमुखाला निवडणारी जी प्रतिनिधी सभा, तिचे बहुतेक सदस्य पक्षप्रमुखानेच नेमायचे, अशी ती रचना होती. संघटनेतले बहुमत मोजायला गेल्यावर त्यातूनही ठाम उत्तर निघेना. उरले फक्त विधिमंडळ. 55 पैकी 40 आमदार आणि 18 पैकी 13 खासदार शिंदे यांच्याकडे होते, त्यावर निकाल लागला.

निकाल बरोबर की चूक, यावर प्रत्येकाचे मत ठरलेले आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट टोचते. शाखा-शाखांतून पाच दशके राबलेल्या लाखो शिवसैनिकांचे मत या प्रकरणात मोजताच आले नाही. त्यांनी आपला नेता कधी मतदान करून निवडला असता आणि त्याची नोंद कुठे असती, तर ते मोजता आले असते. पुढे 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. पण राजकीय पक्ष म्हणजे नेमके कोण, हे ठरवायला विधानसभा अध्यक्ष बसले तेव्हा त्यांनी 10 जानेवारी 2024 च्या निर्णयात आयोगाच्या दप्तरी असलेली 1999 ची घटना ग्राह्य धरली आणि अखेर विधिमंडळातल्या बहुमताकडेच आले. म्हणजे पक्षाची मालकी पुन्हा आमदारांच्या डोक्यांवर मोजली गेली.

पक्षाने आपला नेता कसा निवडावा, हा प्रश्न अभ्यासकांच्या परिसंवादापुरता आहे असे आपल्याकडे मानले जात असे. महाराष्ट्राने तो न्यायालयात, आयोगासमोर आणि विधानभवनात लढवला गेलेला पाहिला आहे. म्हणून त्याचा एकदा सलग आढावा घ्यायला हवा.

त्याच मे महिन्यातली आणखी एक घटना. 2 मे 2023 रोजी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानात शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले. सभागृहात कार्यकर्ते रडले, घोषणा झाल्या. नवा अध्यक्ष ठरवण्यासाठी ज्येष्ठ नेत्यांची समिती बसली, तिने 5 मे रोजी राजीनामा नामंजूर केला आणि पवारांनी तो मागे घेतला. पक्ष तेव्हा चोवीस वर्षांचा होत आला होता आणि एवढ्या काळात त्याचा राष्ट्रीय अध्यक्ष एकच होता. कार्यकर्त्यांच्या भावना खऱ्या होत्या यात शंका नाही. पण त्या व्यक्त करायला अश्रू आणि घोषणा यांपलीकडे काही साधन त्यांच्या हातात नव्हते. दोनच महिन्यांत पक्ष फुटला. अध्यक्ष आम्ही बदलला आहे, असा दावा अजित पवारांच्या गटाने केला. शरद पवारच अध्यक्ष आहेत, असे त्यांच्या गटाने सांगितले. 6 फेब्रुवारी 2024 रोजी आयोगाने पुन्हा आमदार-खासदार मोजून निकाल दिला.

मराठी माणसाला या प्रश्नाची ओळख नवी नाही. 1907 ची सुरत काँग्रेस आपण पाठ्यपुस्तकात जहाल-मवाळांचा झगडा म्हणून वाचतो. ठिणगी पडली होती ती अध्यक्ष निवडीवरून. नागपूरला ठरलेले अधिवेशन स्वागत समितीत अध्यक्षाच्या नावावर एकमत होईना म्हणून सुरतेला हलवले गेले. मवाळांनी रासबिहारी घोष यांचे नाव ठरवले होते, जहालांना लाला लजपतराय हवे होते, आणि टिळक व्यासपीठावर उभे राहिले ते या निवडीच्या ठरावावर बोलण्याचा आपला हक्क बजावण्यासाठी. त्यांना बोलू दिले गेले नाही. जोडे, खुर्च्या, लाठ्या हे सगळे त्यानंतरचे. मतभेद मोजण्याची सर्वांना मान्य असलेली रीत नसली की मतभेद हाणामारीने मिटवावे लागतात, हे तिथे पहिल्यांदा दिसले.

1920 च्या नागपूर अधिवेशनात गांधीजींनी काँग्रेसला जी घटना दिली, तिने ही रीत घालून दिली. चार आणे वर्गणी भरणारा सदस्य, भाषावार प्रांतिक समित्या, लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी. त्या यंत्रणेची ताकद 1939 मध्ये दिसली. गांधीजींचा पाठिंबा पट्टाभी सीतारामय्या यांना असूनही सुभाषचंद्र बोस 1580 विरुद्ध 1377 मतांनी निवडून आले. देशातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा उमेदवार मतपेटीत हरू शकतो, हे सिद्ध झाले. पण त्रिपुरीच्या अधिवेशनात कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा ठराव आला आणि एप्रिल संपता संपता बोस यांना राजीनामा द्यावा लागला. निवडून येणे आणि पक्ष चालवता येणे यांत किती अंतर असते, ते या तीन महिन्यांत दिसले.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी निवडणूक 1950 ची आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि महाराष्ट्रातले शंकरराव देव अशी तिरंगी लढत झाली. टंडन यांना 1306, कृपलानींना 1092 आणि देव यांना 202 मते पडली. पंतप्रधान नेहरूंना टंडन नको होते, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही प्रतिनिधींनी टंडन यांना निवडले आणि नाशिकच्या अधिवेशनात ते अध्यक्ष म्हणून बसले. पुढे नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला, टंडन बाजूला झाले आणि 1951 मध्ये पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष ही दोन्ही पदे नेहरूंकडे आली. कृपलानींनी काँग्रेस सोडून नवा पक्ष काढला. सरकारचा प्रमुख आणि पक्षाचा प्रमुख यांच्यात वाद झाला तर कोणाचे चालेल, या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षी मिळाले आणि देशातल्या जवळपास सगळ्या पक्षांनी ते पुढे गिरवले. नेहरूंची भूमिका जातीयवादाविरुद्ध होती आणि ती मला पटते. पण प्रतिनिधींनी निवडलेला अध्यक्ष वर्षभरात जाऊ शकतो, हा पायंडा त्याच वेळी पक्का झाला. पुढच्यांनी तो वापरताना भूमिकेची अट काढून टाकली.

इंदिरा गांधींच्या काळात 1972 नंतर काँग्रेसच्या संघटनात्मक निवडणुकाच थांबल्या, त्या वीस वर्षांनी नरसिंह रावांनी घेतल्या. 1992 मध्ये तिरुपतीला कार्यकारिणीसाठी मतदान झाले. निवडून आलेल्यांत अर्जुन सिंह होते, शरद पवार होते. मग निवडून आलेल्यांत दलित, आदिवासी आणि महिला नाहीत असे कारण पुढे करून रावांनी विजयी सदस्यांना राजीनामे द्यायला लावले आणि कार्यकारिणी स्वतः नेमली. कारणात तथ्य होते. खुल्या मतदानात पैसा, जात आणि जुने हितसंबंध असलेला माणूस पुढे जातो, हे खरेच आहे. त्यावर राखीव जागांसाठी मतदान घेणे हा उपाय होता. तो न करता मतदानच गुंडाळले गेले. तीस वर्षांनी, फेब्रुवारी 2023 मध्ये रायपूरला, काँग्रेसने कार्यकारिणीत निम्म्या जागा दलित, आदिवासी, मागास, अल्पसंख्य, महिला आणि तरुणांसाठी ठेवण्याचा चांगला निर्णय घेतला. त्याच अधिवेशनात कार्यकारिणीची निवडणूक न घेता नेमणुकीचे अधिकार अध्यक्षांना देण्यात आले.

अध्यक्षपदाचे आकडे एका ओळीत मांडले की चित्र स्पष्ट होते. 1997 मध्ये सीताराम केसरी 6224, शरद पवार 882, राजेश पायलट 354. 2000 मध्ये सोनिया गांधी 7448, जितेंद्र प्रसाद 94. 2022 मध्ये मल्लिकार्जुन खरगे 7897, शशी थरूर 1072. मतदान गुप्त होते, मोजणी उघड होती, उमेदवारी खुली होती. मग एवढा एकतर्फी कौल का येतो? 2022 मध्ये थरूर आणि आणखी काही खासदारांनी साधी मागणी केली होती: मतदान करणाऱ्या प्रतिनिधींची यादी जाहीर करा. यादी पक्षाच्या कार्यालयात येऊन पाहता येईल, असे उत्तर आले. ज्या उमेदवाराला आपले मतदार कोण हेच माहीत नाही, त्याने प्रचार कोणाकडे करायचा? आणि त्या प्रतिनिधींची निवड ब्लॉक आणि जिल्हा पातळीवर मतदानाने झाली होती, की प्रदेशाध्यक्षाने नावे भरून पाठवली होती? महाराष्ट्रात तालुका पातळीवर काम केलेल्या कोणालाही या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. प्रदेशाच्या बैठकीत ‘सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना’ असा एका ओळीचा ठराव येतो, हात वर होतात आणि बैठक संपते.

माझे म्हणणे याच ठिकाणी येऊन थांबते. नेता आमदार-खासदारांनी निवडावा, प्रतिनिधींनी की सर्व सदस्यांनी, हा वाद महत्त्वाचा आहे, पण दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला प्रश्न हा की मतदार यादी कोण तयार करतो. ज्याची निवड व्हायची, त्याच्याच हाताखालच्या माणसांनी यादी केली तर मतपेटी कितीही गुप्त असो, निकाल आधीच ठरलेला असतो.

भारतीय जनता पक्षाने वेगळी वाट धरली. 1980 पासून राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी तिथे मतदानाची वेळ आलेली नाही. नाव आधी ठरते, मग एकच अर्ज येतो. या पद्धतीचे गुण मान्य केले पाहिजेत. मुदतीची मर्यादा असल्याने अध्यक्ष बदलतात, पद एका घराण्यात राहिलेले नाही, आणि वरच्या नेतृत्वावरून पक्ष फुटलेला नाही. 2009 च्या डिसेंबरात नितीन गडकरी अध्यक्ष झाले तेव्हा ते कधी मुख्यमंत्री किंवा केंद्रीय मंत्री नव्हते. घराण्याच्या पक्षात हे घडले नसते. पण त्यांना दुसऱ्यांदा अध्यक्ष होता यावे म्हणून 2012 मध्ये पक्षघटना बदलली गेली आणि जानेवारी 2013 मध्ये ते ऐन वेळी बाजूला झाले. या दोन्ही वेळी कोणी काय मत दिले, कोणाचा विरोध होता, याची नोंद कार्यकर्त्यासमोर कधी आली नाही. एकमत कसे झाले हे ज्याला विचारता येत नाही, त्याच्यासाठी ते एकमत आणि वरून आलेला आदेश यांत काही फरक उरत नाही.

मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात अधिवेशने वेळेवर होतात, शाखेपासून वरपर्यंत प्रतिनिधी निवडले जातात, सरचिटणीसाला तीन मुदतींची मर्यादा आहे. याबाबतीत तो इतर पक्षांच्या पुष्कळ पुढे आहे. मात्र नव्या केंद्रीय समितीची यादी मावळती समिती मांडते आणि ती बहुधा तशीच मंजूर होते. एप्रिल 2025 मध्ये मदुराईच्या अधिवेशनात महाराष्ट्रातले कामगार नेते डी. एल. कराड यांनी त्या यादीच्या विरोधात अर्ज भरला. त्यांना 31 मते मिळाली. लोकशाहीचा हक्क म्हणून आपण उभे राहिलो, अशी त्यांची भूमिका होती. 31 हा आकडा लहान आहे, पण तो मोजला गेला आणि जाहीर झाला, याला मी किंमत देतो.

रिपब्लिकन पक्षाची कहाणी अधिक दुःखाची आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये नागपूरला स्थापन झालेला हा पक्ष दोन वर्षांत दादासाहेब गायकवाड आणि बी. सी. कांबळे यांच्या गटांत विभागला गेला. 1998 मध्ये प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चौघे एकाच वेळी लोकसभेत पोहोचले आणि ऐक्याची आशा पुन्हा जागी झाली, पण तेही टिकले नाही. नेत्यांच्या अहंकाराला दोष देणे सोपे आहे. अहंकार सगळ्याच पक्षांत असतो. हरलेल्याने पक्षात राहून पुढच्या वेळी पुन्हा उभे राहावे, अशी खात्री देणारी निवडपद्धत या पक्षात रुजली नाही, म्हणून प्रत्येक हरलेल्याला नवा गट काढावा लागला. राजकारणातल्या भक्तीविषयी घटना समितीत इशारा देणाऱ्या बाबासाहेबांच्या पक्षावर ही वेळ यावी, याचे वाईट वाटते.

हरलेल्याचे पुढे काय होते, ही मला पक्षांतर्गत लोकशाहीची सर्वांत खरी परीक्षा वाटते. जर्मनीत 2019 मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या सदस्यांनी ओलाफ शोल्त्स यांना अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरवले. 53 टक्के मते विरोधी उमेदवारांना पडली. पुढच्याच वर्षी त्याच पक्षाने शोल्त्स यांना चॅन्सेलरपदाचे उमेदवार केले आणि 2021 मध्ये ते चॅन्सेलर झाले. आपल्याकडे अध्यक्षपदाला हरलेला माणूस पंतप्रधानपदाचा उमेदवार होईल, अशी कल्पना तरी करता येते का? थरूर यांना काँग्रेसने 2023 मध्ये कार्यकारिणीत घेतले, हे नोंदवले पाहिजे. जर्मनीत यामागे कायदाही आहे. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातच पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असावी असे म्हटले आहे, आणि 1967 च्या पक्षविषयक कायद्याने दर दोन वर्षांनी कार्यकारिणीची गुप्त मतदानाने निवड बंधनकारक केली. एका पक्षाने बाकीचे पक्ष दडपले तर देशाचे काय होते, हे त्यांनी नाझी राजवटीत भोगले होते.

मतदार कोण असावा, या दुसऱ्या प्रश्नावर ब्रिटनचा अनुभव सर्वांत उपयोगी आहे, कारण तिथे सगळे प्रयोग करून झाले. हुजूर पक्षात 1965 पर्यंत नेता आपसात बोलून ठरत असे. त्या वर्षी खासदारांनी मतदान करून एडवर्ड हीथ यांना निवडले. याच पद्धतीने 1990 मध्ये मार्गारेट थॅचर यांना पदावरून जावे लागले. पहिल्या फेरीत 204 विरुद्ध 152 अशी आघाडी असूनही नियमाने लागणारे मताधिक्य चार मतांनी कमी पडले. 1998 नंतर अंतिम निवड सामान्य सदस्यांकडे गेली. 2022 मध्ये खासदारांच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनक यांना 137 आणि लिझ ट्रस यांना 113 मते होती. सदस्यांनी 81,326 विरुद्ध 60,399 मतांनी ट्रस यांना निवडले. त्यांचे पंतप्रधानपद पन्नास दिवसही टिकले नाही. मजूर पक्षात उलट्या बाजूने तेच झाले: 2015 मध्ये जेरेमी कॉर्बिन 59.5 टक्के मतांनी नेते झाले, 2016 मध्ये त्यांच्याच 172 खासदारांनी अविश्वास दाखवला, आणि सदस्यांनी त्यांना पुन्हा अधिक मतांनी निवडून दिले. ज्यांच्यासोबत रोज सभागृहात बसायचे ते एकीकडे आणि ज्यांनी निवडले ते दुसरीकडे, अशी नेत्याची ओढाताण झाली.

यावरून सदस्यांना मताधिकार देऊ नये असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मी तो काढत नाही. लोकप्रतिनिधींच्या ठरावीक हिश्श्याचा पाठिंबा असल्याशिवाय उमेदवारी नको, ही मजूर पक्षाने आता वाढवलेली अट मला रास्त वाटते. त्यानंतरची निवड सदस्यांकडेच हवी. आणि काढण्याची वाटही नियमात हवी. 1998 च्या मार्चमध्ये, प्रतिनिधींनी निवडून दिलेल्या केसरींना कार्यकारिणीने ज्या रीतीने दूर केले, तशी वेळ कोणत्याही पक्षावर येऊ नये.

आपल्या कायद्याचे काय? पक्षनोंदणीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1989 पासून 29 अ हे कलम आहे. पक्षाने राज्यघटनेवर निष्ठा लिहून द्यावी, असे ते सांगते. अंतर्गत निवडणूक कशी व्हावी याबद्दल गप्प राहते. विधी आयोगाने 1999 च्या आपल्या 170 व्या अहवालात याची सक्ती सुचवली होती. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपवादात्मक कारणे सोडता आयोगाला पक्षाची नोंदणी रद्द करता येत नाही. 2022 मध्ये वायएसआर काँग्रेसने जगनमोहन रेड्डी यांना कायमचे अध्यक्ष केल्याच्या बातम्या आल्या तेव्हा असे पद लोकशाहीविरोधी आहे, असे आयोगाने बजावले. त्यापलीकडे त्याच्या हातात फारसे काही नव्हते. दुसरीकडे 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षाच्या व्हिपला आमदारकी घालवण्याची ताकद दिली आहे. नेत्याच्या हातात कायद्याने एवढी सत्ता दिली आणि तो नेता कसा निवडला, हे मात्र कायद्याने कधी विचारले नाही. ही विसंगती दूर झालीच पाहिजे.

तरीही सगळे अधिकार आयोगाच्या हाती सोपवा असे मी म्हणणार नाही. शेजारच्या पाकिस्तानात जानेवारी 2024 मध्ये, निवडणुकीला महिना उरला नसताना, अंतर्गत निवडणूक नियमाप्रमाणे घेतली नाही या कारणाने इम्रान खान यांच्या पक्षाचे बॅट हे चिन्ह गेले आणि त्याच्या उमेदवारांना अपक्ष म्हणून लढावे लागले. चांगला नियम सत्ताधाऱ्याच्या सोयीने वापरला गेला तर विरोधी पक्ष कोंडीत सापडतो. म्हणून शिक्षा चिन्हाची किंवा नोंदणीची नको. पक्षांना मिळणारी करसवलत आणि प्रसारणाचा मोफत वेळ थांबवण्याइतकी ती मर्यादित असावी.

नमुना शोधायला जर्मनीला जायचीही गरज नाही. आपल्या गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली होते. सभासदांची प्रारूप यादी प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते, अंतिम यादी लागते, निवडणूक निर्णय अधिकारी बाहेरचा असतो. सहकारातही घराणी आहेत, बोगस सभासदांवरून कोर्टकज्जे चालतात, हे मान्य. पण कोर्टात जाता येते, कारण दाखवायला यादी असते. शे-दोनशे सभासदांच्या सोसायटीला जो नियम लागतो, तो देश चालवू पाहणाऱ्या पक्षाला का लागू नये? मतदानापूर्वी किमान सहा महिने सदस्य असलेल्यांची तालुकावार यादी, तिच्यावर हरकतीची संधी, पक्षाबाहेरचा निवृत्त न्यायाधीश निवडणूक अधिकारी आणि अध्यक्षाला दोन मुदतींची मर्यादा. एवढे झाले तरी खूप बदलेल.

कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. तुम्ही कोणत्याही पक्षाचे सदस्य असाल तर तालुकाध्यक्षांना एवढेच विचारा: आपल्या तालुक्याच्या सदस्य यादीत माझे नाव आहे का, ती यादी मला पाहायला मिळेल का, आणि तुमची स्वतःची निवड कोणत्या तारखेला, कोणाच्या मतांनी झाली? लेखी विचारा आणि लेखी उत्तर मागा.